गाण्यातली शिट्टी आणि परतीची वाट

गाडीतल्या स्टिरिओतून गाण्याबरोबर शिट्टी, टिकटिक, घरघर ऐकू येते? नवा स्टिरिओ घेण्याआधी अर्धा तास नीट ऐका. पैसे वाचतील आणि कदाचित भर रस्त्यात बंद पडणारी गाडीही वाचेल.

हौसेनं गाडी घेतली. वर्षभरानं तिच्यात चांगला स्टिरिओ बसवला, डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर ठेवला. दुकानासमोर उभ्या गाडीत गाणं झकास वाजलं. घरी जायला इंजिन सुरू केलं मात्र, गाण्याच्या मागे कोणीतरी बारीक शिट्टी वाजवू लागलं. रेस दिली की शिट्टी चढते, पाय काढला की उतरते.

पुन्हा दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, फिल्टर टाकावा लागेल." फिल्टर टाकला, शिट्टी थोडी दबली. चार दिवसांनी पुन्हा आली. मग कोणी म्हणालं वायर बदला, कोणी म्हणालं अ‍ॅम्प्लिफायर हलका आहे, कोणी म्हणालं स्टिरिओच बदला. खर्च वाढत गेला आणि शिट्टी तिथेच राहिली.

हा अनुभव अनेक घरांत येतो. कारण साधं आहे. आवाज कुठून येतो हे शोधण्याआधीच उपाय सुरू होतात. खरं म्हणजे आवाज स्वतःच आपला पत्ता सांगत असतो, फक्त त्याला योग्य प्रश्न विचारायला हवेत. हे प्रश्न कसे विचारायचे, हे आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर एका ठिकाणी पाहायला मिळतं. ते ठिकाण गाड्यांचंच आहे, पण रुळांवरच्या गाड्यांचं.

मानक नगरातला धडा

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मानक नगर नावाचं स्टेशन आहे. मानक म्हणजे प्रमाण. नावातच कामाचा उल्लेख आहे, कारण इथेच भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना आहे. आरडीएसओ या इंग्रजी आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. १९३० साली स्थापन झालेलं केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ साली सुरू झालेलं रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र, या दोन संस्था एकत्र करून १९५७ साली ही संघटना उभी राहिली. रूळ, पूल, डबे, इंजिनं, सिग्नल कसे असावेत याचे निकष इथे ठरतात.

त्याच १९५७ साली रेल्वेनं आणखी एक मोठा निर्णय घेतला. फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्यानं २५ हजार व्होल्टच्या एसी विजेवर गाड्या चालवायचं ठरलं. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावलेली देशातली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर होती. नवी पद्धत स्वस्त आणि दमदार होती, पण तिच्याबरोबर एक नको असलेला पाहुणा आला. तो म्हणजे आवाज!

रुळांच्या कडेनं खांबांवर टेलिफोनच्या तारा जात. डोक्यावरच्या तारेतून एसी प्रवाह वाहू लागला की शेजारच्या या तारांमध्येही आपोआप वीज निर्माण होते. मग टेलिफोनमध्ये माणसाच्या बोलण्याऐवजी घरघर ऐकू येते. खरा घोटाळा परतीच्या वाटेवर होता. इंजिनाला वीज वरच्या तारेतून मिळते, पण परत जाताना ती रुळांतून जाते आणि रुळांतून बरीचशी जमिनीत झिरपते. जाणारी वाट एक, येणारी वाट भलतीकडे पसरलेली. दोन्ही वाटा जवळ असत्या तर त्यांचे परिणाम एकमेकांना बरेचसे खोडून काढते. दूर असल्यामुळे मधल्या सगळ्या तारांना त्रास होतो.

यावर इंजिनिअरांनी तीन बाजूंनी उपाय केले. पहिली बाजू उगमाची. इंजिनानं किती विद्युत गोंगाट करावा याच्या मर्यादा घालून दिल्या आणि त्यांची चाचणी घेतली जाते. यातला एक आकडा 'सोफोमेट्रिक' प्रवाहाचा असतो. सोफोस म्हणजे ग्रीक भाषेत आवाज. टेलिफोनवर माणसाच्या कानाला जे स्वर जास्त खुपतात, त्यांना या मोजणीत जास्त वजन दिलं जातं. सेकंदाला ५० आवर्तनांची जाड घरघर कमी मोजली जाते, हजाराच्या आसपासची बारीक शिट्टी जास्त. यंत्राची मोजणी, पण कसोटी माणसाच्या कानाची!

दुसरी बाजू वाटेची. बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसवून परतीचा प्रवाह जमिनीत पसरू न देता वरच्या तारेजवळच्या एका वेगळ्या तारेतून माघारी नेला. तिसरी बाजू त्रास सोसणाऱ्याची. उघड्या टेलिफोन तारा काढून जमिनीखालून आवरण असलेल्या केबल टाकल्या. पुढे ऑप्टिकल फायबर आलं. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, त्यावर या विजेचा परिणामच होत नाही.

सिग्नलचीही अशीच काळजी घ्यावी लागते. रुळावर गाडी उभी आहे की नाही, हे रुळातूनच सोडलेल्या छोट्या प्रवाहावरून कळतं. म्हणून डीसीवर गाड्या धावतात तिथे हा छोटा प्रवाह डीसी ठेवत नाहीत आणि एसीवर धावतात तिथे ५० आवर्तनांचा एसी ठेवत नाहीत. नाहीतर गाडीच्या विजेलाच सिग्नल समजण्याची चूक व्हायची. मुंबईच्या लोकल डीसीवरून एसीवर आल्या, पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर २०१६ मध्ये. तेव्हा या सगळ्याचाही विचार करावा लागला.

आता हे सगळं आपल्या दारातल्या गाडीत पाहा. बॅटरीची धन बाजू वायरनं सगळीकडे जाते. ऋण बाजू मात्र गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते आणि प्रत्येक दिव्याचा, मोटरचा, स्टिरिओचा प्रवाह पत्र्यातून माघारी येतो. म्हणजे गाडीचा पत्रा हाच तिचा रूळ! येणारी लाल वायर सगळे तपासतात. परतीची वाट मात्र कोणी पाहत नाही. गाण्यातली निम्मीअधिक शिट्टी तिथेच दडलेली असते.

आवाज काय सांगतो?

आधी आवाजाची जात ओळखा.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी डायनामोची असते. आपण सवयीनं डायनामो म्हणतो तो आजच्या गाड्यांत अल्टरनेटर असतो. तो एसी वीज तयार करतो आणि आतले डायोड तिची डीसी करतात. ही डीसी घरच्या पाण्यासारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा असतात. हिशेब सोपा आहे. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर पट्ट्यावरचा डायनामो साधारण तिप्पट, म्हणजे २४०० फेरे घेतो. त्यात चुंबकीय ध्रुवांच्या सहा जोड्या असतील तर सेकंदाला २४० आवर्तनं होतात आणि डायोडमधून बाहेर पडताना त्याच्या सहापट, म्हणजे १४४० लाटा. रेस दिली की हा आकडा चार-पाच हजारांवर जातो. कान नेमका याच पट्टीत सर्वांत तीक्ष्ण असतो.

वेगाबरोबर वाढणारी टिकटिक किंवा तडतड स्पार्क प्लगची असते. रेडिओवर, त्यातही मीडियम वेव्हवर, ती जास्त ऐकू येते. पेट्रोलच्या अनेक गाड्यांत यासाठीच आत रोध असलेले प्लग वापरतात. प्लग बदलताना स्वस्तातला भलताच प्लग पडला की तडतड सुरू होते. तुमची गाडी डिझेलची असेल तर प्लगवर संशय घेऊ नका. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतोच!

इंजिनाशी संबंध नसलेली, पण वायपर, ब्लोअर किंवा काच वर-खाली करताना येणारी घरघर त्या-त्या मोटरची. एफएमवर केव्हाही येणारी सूं-सूं बऱ्याचदा लायटर सॉकेटमध्ये खुपसलेल्या मोबाइल चार्जरची, डॅशकॅमची किंवा नंतर बसवलेल्या एलईडी दिव्यांची असते. मोबाइल वाजण्याच्या क्षणभर आधी येणारा 'डर्र-डर्र' हा टूजी मोबाइलच्या लहरींचा, तो सेकंदाला २१७ वेळा ठोके देतो. फोन स्टिरिओपासून आणि वायरींपासून हातभर लांब ठेवला की थांबतो.

आणि घाटात एफएमची नुसती खरखर झाली तर काहीच बिघडलेलं नसतं. ताम्हिणीत किंवा वरंध्यात डोंगर आडवा आला की स्टेशन हरवणारच.

घरीच करा या पाच तपासण्या

यासाठी पाना-पक्कड लागत नाही. गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धूर जीवघेणा असतो.

एक. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवा आणि स्टिरिओ लावा. आवाज नाही ना? आता इंजिन सुरू करा. तेव्हाच आवाज आला तर उगम इंजिनाच्या बाजूला आहे. इंजिन बंद असतानाही येत असेल तर स्टिरिओ, अ‍ॅम्प्लिफायर किंवा चार्जर यांच्याकडे वळा.

दोन. आवाजाचं बटण अगदी खाली आणा. गाणं बंद झालं, पण शिट्टी तेवढीच राहिली तर ती बटणाच्या पुढे शिरते आहे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या वायरीत. शिट्टीही गाण्याबरोबर कमी-जास्त झाली तर ती बटणाच्या आधी शिरते आहे.

तीन. एफएम, पेन ड्राइव्ह, ब्लूटूथ, ऑक्सची वायर असं एकेक लावून पाहा. फक्त एफएमवर आवाज असेल तर अँटेना आणि तिचं बूड तपासा. फक्त ऑक्सवर असेल तर पुढची तपासणी करा.

चार. ऑक्सला जोडलेल्या मोबाइलचा चार्जर काढा. शिट्टी गेली? मग चोर सापडला! मोबाइल एकाच वेळी चार्जरमधून आणि ऑक्सच्या वायरीतून गाडीच्या पत्र्याला जोडला जातो. परतीच्या दोन वाटा तयार होतात आणि त्यांच्यामधून नको तो प्रवाह फिरतो. गाणं ऐकताना चार्जिंग बंद ठेवा किंवा ब्लूटूथ वापरा. वायरच नसली की वर्तुळही नाही. रेल्वेला ऑप्टिकल फायबरनं जे दिलं, ते आपल्याला ब्लूटूथ देतं.

पाच. इंजिन चालू ठेवून हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर एकेक करून लावा. भार वाढला की शिट्टी वाढत असेल तर डायनामो किंवा अर्थिंग, या दोघांपैकी एकाकडे बोट जातं.

या पाच प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून ठेवा. मेकॅनिककडे गेल्यावर नुसतं "आवाज येतो" म्हणण्याऐवजी "इंजिन चालू असतानाच येतो, बटण कमी केलं तरी राहतो, दिवे लावले की वाढतो" असं सांगितलं, तर त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

अर्थिंग: बहुधा इथेच पाणी मुरतं

डिकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरची काळी वायर बहुतेक वेळा जवळच्या स्क्रूखाली दाबलेली असते. त्या स्क्रूखाली रंग असतो, कधी गंज. रंग वीज वाहू देत नाही. मग परतीचा प्रवाह अडतो आणि सोपी वाट शोधतो. ती वाट म्हणजे पुढच्या स्टिरिओकडे जाणाऱ्या आरसीए केबलचं आवरण. पुढचा स्टिरिओ डॅशबोर्डमध्ये पत्र्याला जोडलेला, मागचा अ‍ॅम्प्लिफायर डिकीत जोडलेला, आणि दोन्ही ठिकाणच्या दाबात काही मिलिव्होल्टचा फरक. कागदावर तो नगण्य वाटतो, पण अ‍ॅम्प्लिफायर तोच फरक गाण्याबरोबर मोठा करून स्पीकरला देतो.

उपाय स्वस्त आहे. पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत धातू दिसू द्या. त्यावर वायरचा थिंबल दातेरी वॉशरसह बोल्टनं आवळा आणि वरून गंज लागू नये म्हणून थोडं ग्रीस लावा. काळी वायर लाल वायरीइतकीच जाड आणि होईल तितकी आखूड, हात-दीड हातापेक्षा लांब नको. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग कधीही जोडू नका. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे.

बॅटरीच्या टर्मिनलवर साठलेली पांढरी-हिरवी पूडही परतीची वाट अडवते. ती साफ करताना आधी ऋण वायर काढा, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशनं घासा, कोरडं करून घट्ट आवळा आणि ऋण वायर शेवटी जोडा.

मग वायरींची मांडणी पाहा. बॅटरीहून येणारी जाड लाल वायर आणि गाण्याची आरसीए केबल एकाच बाजूनं, एकत्र बांधून नेलेली असते. काम लवकर उरकतं, पण शेजारच्या तारेतला गोंगाट गाण्यात उतरतो. मानक नगरच्या इंजिनिअरांना टेलिफोनच्या तारांबाबत सतावणारा प्रश्न हाच होता. एक केबल गाडीच्या डाव्या बाजूनं, दुसरी उजव्या बाजूनं न्यावी. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडावं.

अ‍ॅम्प्लिफायरचा 'गेन' म्हणून एक स्क्रू असतो. दुकानात गाणं जोरात वाजावं म्हणून तो पुष्कळदा पूर्ण फिरवून ठेवतात. तो कमी करून स्टिरिओचं बटण वाढवलं तर गाणं तेवढंच राहतं आणि शिट्टी मात्र उतरते. पैसे लागत नाहीत.

शिट्टी इशाराही असते

आता महत्त्वाचं. गाडीत काहीही नवं बसवलेलं नाही, दोन वर्षं स्टिरिओ नीट वाजत होता आणि एके दिवशी अचानक शिट्टी किंवा जाड घरघर सुरू झाली, तर तिला दाबून टाकू नका. डायनामोतला एखादा डायोड निकामी होत असेल तर लाटा मोठ्या होतात आणि स्टिरिओ त्या सर्वांत आधी ऐकवतो. काही दिवसांनी बॅटरी उतरू लागते आणि मग रात्री, घाटात, मुलाबाळांसह गाडी बंद पडते. अशा वेळी फिल्टर बसवणं म्हणजे धोक्याची घंटा वाजते म्हणून तिच्यावर गोधडी टाकणं!

काही शे रुपयांच्या मल्टिमीटरवर हे पाहता येतं. इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. मग मीटर एसीवर ठेवा. काही स्वस्त मीटर एसीच्या खुणेवरही डीसी दाखवतात, म्हणून आधी इंजिन बंद असताना काय दिसतं ते बघा. तिथे शून्याजवळ दाखवणाऱ्या मीटरवर, इंजिन आणि हेडलाइट चालू असताना आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा खाली असावा. अर्ध्या व्होल्टकडे सरकला तर वेळ न दवडता ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा.

फिल्टर कधी, आणि काय करू नये?

फिल्टर वाईट नाही, त्याची पाळी शेवटची आहे. अर्थिंग साफ, वायरी वेगळ्या, गेन कमी आणि डायनामो धडधाकट असूनही शिट्टी उरली, तर स्टिरिओच्या धन वायरीवर चोक आणि कपॅसिटरचा फिल्टर उपयोगी पडतो. आरसीए केबलमधलं वर्तुळ तोडण्यासाठी छोट्या ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर मिळतो. हलक्या प्रतीचा आयसोलेटर गाण्यातला खर्ज खातो, तेव्हा ऐकून घ्या.

काही गोष्टी मात्र कटाक्षानं टाळा. अ‍ॅम्प्लिफायरच्या लाल वायरीवर, बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज हवाच. तो नसेल आणि वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरीची सारी ताकद त्या ठिकाणी उतरते आणि गाडी पेट घेऊ शकते. तुमच्या गाडीत हा फ्यूज आहे का, हे आजच बॉनेट उघडून पाहा. शिट्टी असो वा नसो.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून डायनामो तपासण्याची जुनी पद्धत कोणी वापरू लागलं तर थांबवा. व्होल्टेज एकदम उसळून गाडीतला संगणक जळू शकतो. स्टिरिओ चालू असताना आरसीए पिना काढू-घालू नका. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांतल्या नारिंगी केबलमध्ये जीवघेणा दाब असतो. या दोन्हींना हात लावायचा नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरी कापू देऊ नका, त्या गाडीसाठी मिळणारा कपलर मागा.

स्टिरिओ बसवून घेताना शेजारी उभं राहून तीनच प्रश्न विचारा: काळी वायर कुठे जोडली? लाल वायर आणि आरसीए केबल वेगवेगळ्या बाजूंनी नेली का? बॅटरीजवळ फ्यूज लावला का? काम चालू असताना या तिन्हींची उत्तरं डोळ्यांनी पाहता येतात. नंतर गालिचे अंथरले, सीट बसवल्या की तीच पाहायला अर्धी गाडी उचकटावी लागते. आणि पैसे देण्याआधी इंजिन सुरू करून, दिवे लावून, थोडी रेस देऊन गाणं ऐका. उभ्या, बंद गाडीत तर कोणताही स्टिरिओ छानच वाजतो!